वर्किंग हॉलिडेवर ऑस्ट्रेलियात उतरल्यावरचे पहिले दिवस: अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियाचा ४६२ व्हिसा, म्हणजे तिथं फिरता फिरता कामही करू देणारा वर्किंग हॉलिडेचा व्हिसा, आपल्या भारतीयांना ऑक्टोबर २०२४ पासून खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीनं. कोल्हापुरातून निघणाऱ्यांना व्हिसापर्यंतचं सगळं कळतं, उतरल्यावरचं कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

आईनं वाडीचे पेढे आणि कांदा-लसूण चटणी दिली होती. मेलबर्नला उतरायच्या आधी, प्रवाशांनी भरायच्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' अशी खूण केली. अधिकाऱ्यानं डबा उघडला, चटणीत काय काय आहे ते विचारलं. तीळ, खोबरं, धणे, सगळं सांगितलं. चटणी परत मिळाली; पेढे दुधाचे म्हणून काढून घेतले. आधीच सांगितल्यामुळे दंड झाला नाही. लपवलं तर व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. पेढ्यांचं आईला सांगताना मात्र आवाज भरून आला.

गडहिंग्लजहून: घरची उसाची शेती, म्हणून क्वीन्सलँडमधल्या, उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या बंडाबर्गला गेलो. तिथं ऊस यंत्रानं तोडतात. मला रताळी काढायचं काम मिळालं. पहिल्या ठिकाणी मुकादमानं पैसे रोख दिले, पे-स्लिप नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरलेल्या भागात ठरलेलं काम तीन महिने करावं लागतं, आणि ते कागदावर दाखवावं लागतं. माझे १९ दिवस वाया गेले. भावांनो, पहिल्याच दिवशी पे-स्लिप मागा. राग आला मालकाला तर येऊ दे.

राजारामपुरीतून: टीएफएन, म्हणजे तिथला कर क्रमांक, ऑनलाइन फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पगारातून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतात, तो नियमच आहे.

गंगावेशीतून, एक आई: मुलगा जुलैत ॲडलेडला गेला. इथं पावसानं रंकाळा भरलेला, तिथं कडाक्याची थंडी. मी एकच स्वेटर दिला होता, त्याची हळहळ अजून वाटते. पहिला पगार हातात यायला सहा आठवडे लागले. व्हिसासाठी खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, ते दाखवण्यापुरते समजू नका. आमच्या मुलाचे भाड्यात आणि डिपॉझिटातच बरेचसे गेले. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं भाकरी थापून दाखवली. कड फाटली होती, पण तव्यावर टम्म फुगली.