मदत हवी आहे: डिमेंशिया झालेल्या आईसाठी कोल्हापुरात जागा, वृद्धाश्रम नको

गंगावेसकर:
डिमेंशियाच्या पाच-सहा जणांनी एका घरात राहायचं, नातेवाइकांनी खर्च वाटून घ्यायचा, सांभाळणारी बाई चोवीस तास. असं कोल्हापुरात कुठं आहे का? नसलं तर सुरू करायला कोण तयार आहे? लवकर सांगा. एका वृद्धाश्रमानं तिसऱ्या दिवशी आईला परत धाडलंय.

रंकाळा_फेरी:
का धाडलं? वय काय, चालतात का, रात्री झोपतात का?

गंगावेसकर:
७६. चालते हीच पंचाईत. पाच वाजले की चरवी घेऊन "धारेची वेळ झाली" म्हणत दाराकडं. म्हशी विकून वीस वर्षं झाली. तिथं दाराला कडी घातली, तिनं चरवीनं दार बडवलं.

बावडेकर:
वडिलांना ब्राह्मी चालू केलीय, फरक आहे. आणि आईला बाहेर ठेवायचंच कशाला? सुनेनं बघायचं.

गंगावेसकर:
सून नाही. मी मुलगी, एकटी, बँकेत नोकरी.

वॉर्डातली_ताई:
बावडेकर, सलग किती रात्री जागलाय तुम्ही?
गंगावेसकर, हे हळूहळू वाढलं की एकाएकी? एकाएकी असेल तर आधी लघवीची तपासणी करा. म्हाताऱ्या माणसाला नुसत्या इन्फेक्शननं भ्रम होतो. बी-१२, थायरॉईड झालंय का?

गंगावेसकर:
सगळं झालंय. तीन वर्षांपासून हळूहळू. मी जागा विचारलीय.

पेठ_वडगाव:
जर्मनीत अशी घरं आहेत. भाडं नातेवाईक भरतात, देखभालीची संस्था बाहेरून लावतात. घरातली माणसं भाजी निवडतात, कपड्यांच्या घड्या घालतात. पण घर नातेवाइकांनीच चालवायचं असतं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, वर आठवड्याची सुट्टी, म्हणजे तीन बायांत भागत नाही. हिशेब कोण ठेवणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

रंकाळा_फेरी:
गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी पिळतात की. तिथं न्या.

बावडेकर:
दूध मिरजकर तिकटीचं चांगलं.

वॉर्डातली_ताई:
दुधाचा धागा वेगळा काढा हो.

गंगावेसकर:
आज रजा टाकून नेलं. पाऊण तास हलली नाही. गवळ्यानं हात लावू दिला, तर कास चेपून म्हणाली, "पान्हा सोडलाय बघ." घरी येऊन पोटभर जेवली. पण रोज पाचला मी बँकेत असते. घराचं बोलायला कोण तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हिशेब मी ठेवीन.