मदत हवी आहे : पणजीचं नाव कुठे सापडेल?

नमस्कार मंडळी. माझी पणजी 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लूएंझाच्या साथीत गेली. गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा तेव्हा दीड वर्षांचे. घरात सांगतात की पहाटे पायलीभर जोंधळा दळून, भाकऱ्या थापून तिने रानात पोचवल्या, संध्याकाळी अंग तापलं आणि तिसऱ्या दिवशी संपली. महिन्याभरात पणजोबांचं दुसरं लग्न. रानात माणूस लागायचंच.

तिचं एक जोडवं आहे आणि जात्याचा वरचा दगड, खुंट्याच्या भोकासकट. नाव मात्र कुणालाच आठवत नाही!

कोतवाल बुकाची (गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) नक्कल काढली. मोडी वाचणाऱ्या काकांनी वाचलं : अमक्याची बायको, वय 22, ताप. बस. जमिनीच्या कागदांत ती असणार कशी?

घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्यांत सुनांची नावं, माहेर लिहितात का? की यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदी ठेवणाऱ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आधी जाऊ? तिथे आडनाव सांगायचं की मूळ गाव? आणि सापडलंच, तर ते सासरचं नाव की माहेरचं, हे कसं ओळखायचं? कुणी असा शोध घेतला असेल तर जरूर सांगा.