जिन्याखालची मोपेड आणि हिरवा न होणारा चार्जर

रविवार

सोसायटीच्या ग्रुपवरून

ए-३०२, सकाळी ६.२०
सुप्रभात. बी विंगच्या जिन्याखाली ती पॅडलवाली इलेक्ट्रिक मोपेड काल रात्री नऊपासून चार्जिंगला लावलेली आहे. आत्ता दूध आणायला उतरलो तर चार्जरवर लाल लाईट, आतला पंखा घरघरतोय, हात लावला तर चटका बसला. सीटखालून कुजक्या अंड्यासारखा वास येतोय. मी प्लग काढून ठेवला आहे. ज्यांची गाडी आहे त्यांनी ताबडतोब खाली यावे.

ए-३०२, ६.२३
शेजारी मीटर बोर्ड आहे. मागच्या मीटिंगला मी हेच सांगितले होते. जिन्याखाली चार्जिंग नको.

सी-२०१, ६.३०
आज टँकर किती वाजता?

बी-२०६, ६.४१
काका, गाडी माझी. प्लग काढलात ते बरंच केलंत, पण आधी मला एक फोन केला असतात तर बरं झालं असतं. एरवी पहाटे पाचला लाईट हिरवी झालेली असते. आज का नाही झाली कळत नाही. खाली येते.

सी-४०३, ६.४४
ताई, थांबा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज होऊन गॅस सोडतेय. आधी जिन्याचं दार आणि मागची खिडकी उघडा. सीट उघडून दहा मिनिटं तशीच राहू द्या. चावी बंद ठेवा. बॅटऱ्यांच्या बाजू फुगल्यात का ते बघा, पण हात लावू नका. गाडी ढकलत बाहेर मोकळ्यावर न्या.

बी-२०६, ७.०५
[फोटो]
बाहेर घेतली. चारपैकी एक, उजवीकडची मागची, बाजूने फुगल्यासारखी दिसतेय. बाकी तीन सरळ आहेत.

सेक्रेटरी, ७.१२
सर्वांना नमस्कार. विषय गंभीर आहे, पण शांतपणे घेऊ. कृपया ग्रुपवर फक्त याच विषयावर बोलावे.

सी-२०१, ७.१३
म्हणजे टँकरचं विचारायचं नाही?

सेक्रेटरी, ७.१४
दहा वाजता येईल.

बी-१०४ आजोबा, ७.३०
हे सगळं बॅटरीचं झंझट. १९७२ ची लूना पॅडल मारून चालू व्हायची आणि पेट्रोल संपलं तरी पॅडल मारत पंपापर्यंत जायची. ५० सीसी. कंपनी आपल्या पुण्याचीच.

सी-४०३, ७.३८
आजोबा, खरं आहे. त्या लूनासारखीच या गाड्यांनाही पॅडल आहेत.
ताई, बॅटऱ्या गार झाल्या की मल्टीमीटरने एकेकीचं व्होल्टेज घ्या. लाल टोक अधिकवर, काळं उणेवर, मीटर डीसी २०० वर. चारही आकडे इथे टाका. हातात अंगठी-बांगडी ठेवू नका, पाना दोन टर्मिनलना टेकला तर ठिणगी उडते.

ए-३०२, ७.४०
आकडे नंतर. जिन्याखाली चार्जिंग नको हा ठराव आज झाला पाहिजे. जिना म्हणजे सरळ धुराडं आहे. खाली धूर झाला की दोन मिनिटांत वरच्या मजल्यापर्यंत भरतो आणि खाली यायची वाट तीच एक. लिफ्ट तर वापरायचीच नसते.

खजिनदार ए-१०१, ७.५२
मी आणखी एक मुद्दा मांडते. ते प्लगपॉइंट कॉमन मीटरवर आहे. आठ महिने गाडी चार्ज होते आहे, सोसायटीला एक रुपया मिळालेला नाही. सायकल म्हणून पार्किंग भरत नाहीत आणि मोपेड म्हणून वीज वापरतात.

बी-२०६, ७.५५
ताई, मी स्वतःहून दोनदा विचारलं होतं किती द्यायचे. कुणी सांगितलंच नाही. मेसेज वर जाऊन बघा.

सी-४०३, ८.०४
हिशोब सोपा आहे. चार बॅटऱ्यांचे मिळून ४८ व्होल्ट गुणिले १२ ॲम्पिअर-अवर क्षमता म्हणजे ५७६ वॉट-अवर, हजार वॉट-अवरचं एक युनिट. चार्जरमधलं आणि बॅटरीतलं नुकसान धरून एका पूर्ण चार्जिंगला साधारण पाऊण युनिट. कोथरूड ते डेक्कन जाऊन-येऊन, महिन्याचे २६ दिवस, अंदाजे २० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी २०० रुपये. जुन्या बल्बवर एवढं जळायचं.

खजिनदार ए-१०१, ८.०६
दोनशे असो नाहीतर वीस, सोसायटीचे पैसे आहेत. मी ३०० सुचवते.

बी-२०६, ८.०७
सबमीटर लावा, जो आकडा येईल तो भरते. अंदाजाने नको.

बी-१०४ आजोबा, ८.१०
सबमीटर बरोबर. त्याच्या आधी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो पण टाका. ते पॉइंट १९९० च्या सुमाराच्या वायरिंगवर आहे, अर्थिंग आहे का ते आधी टेस्टरने नाही, इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

बी-२०६, ९.२०
चार्ज बंद करून तीन तासांनी आकडे. १३.१, १३.०, १३.१, १०.८. चौथी तीच फुगलेली.

सी-४०३, ९.३१
निदान झालं. प्रत्येक बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एका सेलचे साधारण दोन-सव्वादोन व्होल्ट. १३ ऐवजी १०.८ म्हणजे एक सेल आतून शॉर्ट. चार बॅटऱ्यांचे २४ सेल होते, आता २३ राहिले. चार्जरला हे कळत नाही. त्याला ५८.८ व्होल्ट गाठायचेच आहेत. २४ सेल असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २.४५ आले असते. आता येतात २.५६. एवढ्यावर सेल उकळतात, करंट खाली येत नाही, आणि करंट खाली आल्याशिवाय लाईट हिरवी होत नाही. म्हणून चार्जर रात्रभर चालू आणि गॅस. चार्जर बिघडलेला नाही, तो बिचारा शेवट गाठायला बघतोय. अशी खूण दिसली की, म्हणजे नेहमीच्या सात-आठ तासांत हिरवी नाही झाली की, प्लग काढायचा आणि आकडे घ्यायचे. गेले काही दिवस चढावर बॅटरी दाखवणारं गेज एकदम खाली येत होतं का?

बी-२०६, ९.३४
हो, पौड फाट्याच्या पुलावर चढताना तीन दांड्यांवरून एकावर येतं, सपाटीवर परत तीन. मला वाटलं गेजच तसलं आहे.

सी-४०३, ९.३६
चढावर थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण दाबला की कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट देणारा डबा, १५ ॲम्पिअरपर्यंत ओढतो. अशा वेळी कमजोर बॅटरी कोसळते आणि एकूण व्होल्टेज पडतं. सपाटीवर ओढ कमी, म्हणून परत वर.

ए-३०२, ९.४०
पण ती जिन्याखाली होती. मुद्दा तोच आहे.

बी-५०३, ९.४५
मग आता लिथियम टाकून घ्या ना. ती हलकी असते. वर घरी नेऊन चार्ज करता येते, जिन्याचा प्रश्नच मिटतो.

सी-४०३, १०.०२
हलकी हे खरं. आत्ताचा संच १६-१७ किलोचा, लिथियमचा चार-पाच किलोत बसतो. पण कृपा करून चार्जर बदलल्याशिवाय लिथियम लावू नका. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम पॅकमध्ये १३ सेल ओळीत असतात, पूर्ण चार्ज ५४.६ व्होल्टला. लेड-ॲसिडचा चार्जर ५८.८ ला जातो. भागिले १३ केलं तर सेलमागे ४.५२ येतात, मर्यादा ४.२ ची. आतला बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडेल हे गृहीत धरायचं आणि झोपायचं, हे चालणार नाही. तो शेवटचा बचाव आहे, रोजचं काम त्याचं नाही. जागेवर लेबल बघा, चार्जरवर ५४.६ लिहिलं असेल तरच. लोखंड-फॉस्फेटवाला पॅक असेल तर आकडे पुन्हा वेगळे, त्याच्यावरचं लेबल वाचूनच घ्या. आणि वर घरी न्यायचा तर दारात, पायऱ्यांच्या तोंडाशी चार्ज करू नका. त्याने पेट घेतला तर बाहेर पडायची वाट बंद.

बी-५०३, १०.०५
एवढं घाबरवण्याची गरज नाही. माझ्या मुलाची पॅडलवाली तीन वर्षं चालतेय. काही झालं नाही.

सेक्रेटरी, १०.०८
मुलाचं वय पंधरा आहे ना? गेल्या आठवड्यात ती गेटमधून फार वेगाने आत आली, वॉचमनने तक्रार केली आहे.

बी-५०३, १०.१०
लायसन्स लागत नाही हिला. पॅडल आहेत. आणि मागच्या वर्षी कंट्रोलरची वेग अडवणारी पांढरी वायर तोडून घेतली, आता ती ३५ पर्यंत जाते. सगळे करतात.

सी-४०३, १०.२५
दादा, हे वाईट वाटून न घेता वाचा.
पॅडल आहेत म्हणून सूट मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २(यू) मध्ये अटी लिहिल्या आहेत. मोटरची तीस मिनिटांची (म्हणजे अर्धा तास सतत देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, ठीकठाक ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. वर टेस्टिंग एजन्सीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन तपासणारी संस्था आहे ना, तसली. पांढरी वायर तोडलीत त्या क्षणी २५ ची अट गेली. मग ती मोटार वाहन झाली, तीही नोंदणी नसलेली, विमा नसलेली. पंधरा वर्षांचा मुलगा चालवत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ लागतं, पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. नव्या इलेक्ट्रिक लूनाला नंबरप्लेट आहे ती यामुळेच, तिचा वेग ५० चा आहे. वायर परत जोडा, इन्सुलेशन टेप नको, सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

खजिनदार ए-१०१, १०.२८
म्हणजे बी-५०३ ची गाडी दुचाकी आहे. मग दुचाकीची पार्किंग फी लागू.

बी-५०३, १०.३१
आता माझ्यावर घसरलात. विषय बी-२०६ चा होता.

ए-३०२, १०.३२
विषय जिन्याखालच्या चार्जिंगचा होता.

बी-५०३, १०.५०
बरं. वायर जोडून घेतो. पण मुलाच्या गाडीचं मागचं चाक चार दिवसांपासून पॅडल मारताना खूप जड फिरतंय, ब्रेक ढिला असूनही. हे काय असू शकतं?

बी-१०४ आजोबा, ११.०२
आधी चाक स्टँडवर उचलून हाताने फिरव. चावी बंद ठेव. ब्रेकची लायनर घासत असेल तर खर्रखर्र आवाज येतो. आवाज नसेल आणि तरी थबकत थबकत फिरत असेल तर ते मोटरचं.

सी-४०३, ११.१०
आजोबांनी सांगितलं तसंच. मग कंट्रोलरच्या तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी, सुट्या करा आणि टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चाक फिरवा. सुटं फिरलं तर मोटर चांगली आहे, कंट्रोलरमधला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झालाय. शॉर्ट झालेल्या वायरींमुळे मोटर स्वतःच ब्रेकसारखी वागते. सुटी करूनही जडच असेल तर मोटरच्या आत बघावं लागेल. अडीचशे वॉटच्या मोटरला चांदणी चौकाच्या चढावर पूर्ण थ्रॉटलने, मागे माणूस बसवून, सतत ओढलं की कंट्रोलर तापतो आणि असं होतं. चढावर सुरुवात पॅडलने करायची, मग थ्रॉटल हळू द्यायचा. पॅडल त्यासाठीच आहेत.

बी-१०४ आजोबा, ११.१४
आणि डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरू नका. पंक्चरवाला सरळ आट्यांचा समजून हाणतो आणि क्रँकचे आटे मारतो. पंधराचा पाना, डावीकडचं पॅडल घड्याळाच्या दिशेने सुटतं. मागच्या चाकाचं पंक्चर काढायला चाक काढूच नका, टायरची एक बाजू रिमवरून खाली करून ट्यूब ओढून घ्या. चाक काढलंच तर मोटरची वायर ॲक्सलमधून निघते, नट आवळताना ती चिरडते.

सी-२०१, ११.१८
टँकर दहाचा होता ना?

सेक्रेटरी, ११.१९
निघाला आहे. धीर धरा.

बी-२०६, ११.३०
मला एक सांगा, एकच बॅटरी बदलली तर?

सी-४०३, ११.३८
संच आठ-दहा महिन्यांच्या आतला असेल तर चालेल, त्यापेक्षा जुना असेल तर चारही बदला. नवी एक आणि जुन्या तीन असल्या की क्षमता जुळत नाही, जुन्या आधी रिकाम्या होतात, आणि चार महिन्यांनी हेच पुन्हा. चारही एकाच बॅचच्या घ्या, तपकीर गल्लीत मिळतील. दुकानातच मीटर लावून बघा, आकड्यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक नको. जुन्या त्याच दुकानात परत द्या, भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, आत शिसं आणि आम्ल आहे.

बी-२०६, ११.४१
संच दीड वर्षाचा आहे, चारही बदलते. तोपर्यंत गाडी चार्ज करणार नाही. आणि काका, तुमचं बरोबर आहे, जिन्याखाली मी पुन्हा लावणार नाही. पण मग कुठे लावायची ते सांगा, नुसतं नको म्हणून भागत नाही.

ए-३०२, ११.४७
पंपहाउसच्या मागच्या भिंतीला. वर शेड आहे, दोन बाजू मोकळ्या आहेत, मीटर बोर्ड लांब आहे. चार्जर जमिनीवर ठेवायचा नाही, पावसाचं पाणी येतं तिथे. भिंतीवर फळी ठोकून त्यावर ठेवा, वर काही झाकू नका, त्याला हवा लागते. रात्रभर लावायचं नाही. सातला आलात की लावा, झोपायच्या आधी काढा, राहिलेलं सकाळी.

सी-४०३, ११.५२
काकांचं म्हणणं मान्य. गाडी घरी आल्याबरोबर नको, पाऊण तास गार होऊ द्या, मग. शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा. लेड-ॲसिडला पावडर पुरते. पुढे कुणी लिथियम आणलं तर पावडरने ज्वाळा विझतात आणि सेल परत पेटतात, तिथे भरपूर पाणी मारत राहावं लागतं. आधी एमसीबी खाली, मग पाणी.

सेक्रेटरी, १२.१५
ठीक. पंपहाउसच्या भिंतीला स्वतंत्र पॉइंट, एमसीबी, सबमीटर. इलेक्ट्रिशियनला बुधवारी बोलावतो. बी-५०३ ने वायर जोडल्याचा फोटो मला खाजगीत पाठवावा.

बी-५०३, १२.१७
पाठवतो. ग्रुपवर नाव न घेता सांगता आलं असतं.

पुढचा रविवार

बी-२०६, दुपारी १.०५
[फोटो]
नव्या चार बसवल्या. दुकानातच मोजल्या, १२.९१, १२.९०, १२.९१, १२.९०. पंपहाउसच्या पॉइंटवर सकाळी साडेसहाला लावली, १२.४० ला हिरवी. चार्जर कोमट आहे, हात ठेवता येतो. सबमीटरवर ०.७ युनिट.

खजिनदार ए-१०१, १.१०
आकडा रजिस्टरमध्ये लिहून ठेवते. दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग द्या.

ए-३०२, १.२२
बघून आलो. फळी बरोबर ठोकली आहे. जिन्याखालच्या जुन्या पॉइंटमध्ये अजून करंट आहे, तो बंद करून घ्या.