मदत हवी आहे : नाटकाची बॅकस्टेज सांभाळायची आहे, सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. नोकऱ्या सांभाळून नाटक करणारा आमचा छोटा ग्रुप आहे. यंदा हौशी राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूर केंद्रावर दोन अंकी नाटक उतरवायचं ठरलंय. कामं करायला सगळे तयार. पडद्यामागं कोण म्हटलं की सगळ्यांना एकदम मोबाईल आठवतो. त्यामुळं रंगमंच व्यवस्था माझ्या गळ्यात. आजवर मी फक्त विंगेत (रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला) कपडे धरून उभी राहिलेय.

लाईट करणारे दादा आहेत, फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल (उंचवट्याचे चौथरे) सुताराला सांगितल्यात. अडलंय ते क्यूंपाशी, म्हणजे काय कधी सुरू करायचं त्या इशाऱ्यांपाशी. संहितेत पेन्सिलीनं खुणा केल्यात, पण लाईट, म्युझिक, एंट्री सगळ्यांचा काला झालाय. दुसरं म्हणजे, तालमी शाळेच्या हॉलमध्ये असतात. तिथं हजार वॅटचे चार पार (रंगमंचाचे मोठे दिवे) एका बोर्डावर चालतील का? २०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून वायर म्हटलं की आमच्या घरात धसका आहे.

शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात चौकशी करणार आहेच, पण पूर्ण कोर्स आत्ता जमणार नाही. व्याख्या नकोत, कामाचं सांगा.

प्रतिसाद १
ताई, आधी संहितेची पाठकोरी झेरॉक्स काढून फाईलला लावा. उजवीकडं संवाद, डावीकडं कोरं पान, क्यू त्या कोऱ्या पानावर. ला१, ला२ लाईटचे; सं१, सं२ म्युझिकचे. क्यू कुठल्या शब्दावर पडायचा तो शब्दच लिहा. ‘बाबा चिडल्यावर’ असलं काही लिहू नका, नट रोज वेगळ्या वेळी चिडतो! क्यूच्या चारपाच ओळी आधी ‘ला७ तयार’, मग शब्द आला की ‘गो’. हा ‘गो’ प्रयोगात तुमच्याशिवाय कुणीही, कशालाही म्हणायचा नाही. दिग्दर्शकानंसुद्धा.

पारचं म्हणाल तर हजार वॅटचा एक २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर खातो. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर एकच. चार मिळून सतराच्या वर जातात, म्हणजे १६ चा मोठा प्लगही कमी. वायरमनकडून दोन वेगळ्या सर्किटवर वाटून घ्या. माझं मत विचाराल तर तालमीला पार नकोतच, ‘ब्लॅकआउट’ (पूर्ण अंधार) असं तोंडानं ओरडा. तो खर्च वाचवून नाट्यगृहात टेप घेऊन जा: दर्शनी रुंदी, खोली, विंगेतली जागा आणि मागचा दरवाजा. दरवाजा विसरला की फ्लॅट बाहेरच. मग तीच मापं हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीनं आखा.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर, पण पार अजिबात नकोत हे पटलं नाही. नटाला उजेडात उभं राहायची सवय लागते, निदान दोन तरी लावा. प्रॉपर्टीसाठी (नाटकात हाताळायच्या वस्तूंसाठी) विंगेत टेबल मांडा, वर कागद चिकटवा आणि प्रत्येक वस्तूभोवती पेननं आखून नाव लिहा. आखलेली जागा रिकामी दिसली की काय गायब झालंय ते तिथंच कळतं. म्युझिक फोनवरून वाजवणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर.

धागाकर्ती
दोघांचे आभार! झेरॉक्स आजच टाकते. ब्लॅकआउटमध्ये लेव्हल सरकवायची आहे, जागा दिसणार कशी?

प्रतिसाद १
कोपऱ्यांना बोटभर रेडियम टेप. ब्लॅकआउटच्या आधी त्यावर उजेड पडलेला असला पाहिजे, नाहीतर चमकत नाही. आणि लेव्हल दोघांनीच सरकवायची, तेही ठरलेले दोघे.