आइंडहोवनला सहकुटुंब जायचंय: ॲपोस्टिल एजंटकडून की स्वतः?

घारू_पुणे
नवऱ्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी लागली, केनिसमिग्रांट (उच्चकुशल नोकरदारांच्या) व्हिसावर. तिघांचा एमव्हीव्ही, म्हणजे तिथे राहायला जायचा प्रवेश-व्हिसा, त्याची कंपनीच एकत्र टाकतेय. आमच्याकडे उरलंय ते लग्नाच्या आणि तिघांच्या जन्माच्या दाखल्यांवर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, हातानं लिहिलेला, त्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगी'. एजंट करावा का? बजेट दहा हजार, वर एक रुपया नाही. लेक चार वर्षांची आहे.

झुणकाप्रेमी
ॲपोस्टिलवर पैसे घालू नका. बर्लिनमध्ये आमच्या ॲपोस्टिलकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

खडूस_काका
दहा हजारात हल्ली काय होतं? आम्ही 38 हजार दिले, माणूस घरी येऊन फाइल घेऊन गेला. कटकट नको असेल तर पैसे सोडा.

सायकलवाली
झुणका, ती जर्मनीची गोष्ट. भारत 2005 मध्ये ॲपोस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीनं हरकत घेतली, म्हणून तिथे आपलं ॲपोस्टिल चालत नाही. नेदरलँड्सला लागतंच.
घारू, आधी गावाला जाऊन नाव घालून घ्या. नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मागा, डच भाषांतराचे पैसे वाचतील. मग राज्य सरकारचा शिक्का, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. पोचल्यावर 5 दिवसांत खेमेंटेत (तिथली नगरपालिका) नोंदणी करायची असते, तिथे मूळ कागद बघतात. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. काउंटरवरच्या बाईंना लग्नाचा दाखला दाखवला तेव्हा कुठे पटलं.

टेकडीवरचा
एजंट कशाला? परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये. मी मुंबईला दोन खेपा मारल्या, वडापाव धरूनही हजारात सुटलो असतो, पण दुसऱ्या खेपेला डेक्कन चुकली.

खडूस_काका
आणि रजा गेल्या त्या? त्याचे पैसे कोण धरणार?

मोदकवाली
प्रेशर कुकर इथूनच न्या. हिंगही.

झुणकाप्रेमी
हिंग सगळीकडे मिळतो ओ. बर्लिनमध्ये तर

टेकडीवरचा
परत बर्लिन!

सायकलवाली
मुद्द्याचं राहिलं. 30 टक्के रूलिंगचा, म्हणजे परदेशातून आलेल्या नोकरदारांच्या करसवलतीचा, अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत करायला लावा, म्हणजे सवलत पहिल्या दिवसापासून धरतात. ते मिळालं की आपलं ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं, तुमचंही. टीबीची तपासणी पोचल्यावर 3 महिन्यांत. तुम्हाला वेगळा वर्क परमिट लागत नाही. शाळा 5 वर्षांपासून सक्तीची, पण बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसालाच जातात.

खडूस_काका
इंटरनॅशनल शाळेतच घाला. डच शिकून करणार काय?

सायकलवाली
काका, माझा मुलगा सहा महिन्यांत डचमध्ये भांडायला लागला.

घारू_पुणे
सगळ्यांचे आभार. ग्रामसेवकानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तो आईकडे ट्रंकेत सापडला. नाव लागलं. पुढचं सासूबाईंच्या भिशीतल्या काकूंच्या जावयाकडे दिलंय, एजंट आहे तो. 14 हजार. बजेटबद्दल कुणी काही बोलू नका, घरात तो विषय संपलाय.

सायकलवाली
मूळ कागद दिल्याची पोच तरी घेतलीत का?

घारू_पुणे
घरच्यातल्या माणसाकडे पोच कशी मागायची?