एल्विसचे जुने कॉन्सर्ट पुन्हा पडद्यावर: घासूनपुसून चकचकीत करायचे की आहेत तसे दाखवायचे?

तबकडी७०
मंडळी, दिग्दर्शक बाझ लुरमनचा 'एपिक' हा सिनेमा आता तोंडावर आलाय. 'एल्विस प्रेस्ली इन कॉन्सर्ट'ची आद्याक्षरं म्हणून एपिक. सप्टेंबर २०२५ मध्ये टोरांटो फेस्टिव्हलला दाखवून झाला, आता फेब्रुवारी २०२६ मध्ये थेटरात, आणि मला अगदी राहवत नाहीये म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७० च्या ऑगस्टमध्ये लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात एमजीएम या फिल्म स्टुडिओने अमेरिकन गायक एल्विसचे शो शूट केले, त्याआधी जुलैत स्टुडिओतली रिहर्सलही केली. मग १९७२ च्या एप्रिलमध्ये त्याच्या दौऱ्यावर कॅमेरे घेऊन गेले. दोन्हीचे सिनेमे त्या त्या वर्षी आले, पण सिनेमात जाऊन जाऊन किती जाणार, दीडेक तास, बाकी सगळं डब्यात बंद. लुरमन २०२२ च्या आपल्या एल्विसवरच्या सिनेमासाठी जुनं फुटेज शोधायला लागला तेव्हा कॅन्ससमधल्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली साडेसहाशे फुटांवर, वॉर्नर या फिल्म कंपनीच्या साठ्यात ६८ पेट्या निघाल्या. ५९ तासांची निगेटिव्ह, आणि आवाज नाहीच, नुसतं चित्र. मग आवाज कुठून कुठून गोळा करून ओठांशी जुळवत बसले, त्यातच दोन वर्षं गेली, आणि चित्र साफ करायचं काम न्यूझीलंडमध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या लोकांनी केलं.

मी एवढा अधीर का, तर हा माणूस अमेरिका सोडून फक्त कॅनडात गायला, तेही १९५७ मध्ये, तीन शहरांत. बाकी कुठेही कधीच नाही. म्हणजे उरलेल्या जगासाठी स्टेजवरचा एल्विस म्हणजे पडदाच, दुसरं काही नाही. आणि लोकांच्या डोक्यात तो कसा बसलाय तर पांढरा सूट, मोठ्ठी कॉलर, मोठे कल्ले, झालं. १९७० चं फुटेज बघा एकदा नीट. तो गाताना खांदा उडवतो ना, त्याच क्षणी रॉनी टटचा ड्रमवर ठोका पडलेला असतो, मागे नाही पुढे नाही, टटची नजर पूर्ण वेळ त्याच्या पाठीवर खिळलेली. बाजूला जेम्स बर्टन ती गुलाबी नक्षीची टेलिकास्टर गिटार घेऊन ढिम्म उभा, फक्त बोटं चालतायत. हे मला मोठ्या पडद्यावर, एका फ्रेममध्ये, न तोडता बघायचंय.

माझ्या दोनच मागण्या. निदान चार-पाच गाणी मध्ये कट न मारता सलग दाखवा, आणि ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे ते बारीक दाणे, पुसू नका. तुमचं काय म्हणणं?

निळी_रीळ
ग्रेनबद्दल शंभर टक्के सहमत, पण मला काम कुणी केलंय हे वाचूनच धास्ती वाटते. बीटल्स बँडचं १९६९ चं फुटेज याच जॅक्सनच्या लोकांनी २०२१ मध्ये मालिका करून दाखवलं तेव्हा कित्येक शॉटमध्ये चेहरे मेणाचे झाले होते, केस म्हणजे एकच लगदा. ते मूळ १६ एमएमवर, म्हणजे अरुंद फिल्मवर होतं, त्यात ग्रेन असणारच, तो काढायला गेलं की कातडीची रंध्रंपण जातात. एल्विसच्या चेहऱ्यावरून घाम ओघळतोय आणि कातडी मात्र प्लास्टिकची, हे मला नाही बघवणार. फिल्मवर चित्र ग्रेननेच बनलेलं असतं हो, तो काही वरून बसलेला मळ नाही.

पहिल्यांदाच_ऐकतेय
मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका. माझी भाची सोळा वर्षांची, तिला मी एल्विसचे जुने क्लिप दाखवायचा कितीतरी वेळा प्रयत्न केला, दोन मिनिटांत मोबाईल परत हातात द्यायची, म्हणायची मावशी हे किती जुनं दिसतंय. मग या नव्या सिनेमाचा ट्रेलर दाखवला तर पूर्ण बघितला आणि परत लावला, आणि मग स्वतःहून विचारलं की हा कधी गेला, वय किती होतं. बेचाळीस म्हटल्यावर गप्प झाली. तुम्ही ग्रेन मोजत बसा पण त्या मुलीपर्यंत तो माणूस पोचला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला तो आधीच माहीत आहे म्हणून तुम्हाला रंध्रं हवीत, तिला आधी तो माणूस तर दिसू दे.

निळी_रीळ
ताई राग कसला. पण तिला आवडलं ते ग्रेन गेल्यामुळे असं कशावरून? रंग परत आले, चित्र स्थिर झालं, ओरखडे गेले, आवाज नीट लागला, हे सगळं ग्रेनला हात न लावताही करता येतं. जुन्या प्रिंट कशा लालसर पडतात माहितीये ना, त्यातला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं. निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलं की तेवढ्यानेच अर्धं म्हातारपण जातं. माझं भांडण फक्त त्यापुढच्या पायरीशी आहे.

मूळप्रत
इथे एक गोष्ट मिसळली जातेय म्हणून लिहितो. 'रिस्टोअर' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या मालाला लावतोय. १९७० चं वेगासचं शूट ३५ एमएमवर, पानाव्हिजनच्या रुंद लेन्सने झालंय, त्या निगेटिव्हमध्ये खरोखरच एवढा तपशील आहे की आजच्या मोठ्या पडद्याला पुरून उरेल. १९७२ च्या दौऱ्याचं १६ एमएम, तिथे फ्रेमच लहान, ग्रेन जाड दिसणार. आणि १९६८ चा टीव्ही स्पेशल किंवा १९७३ चा हवाईचा उपग्रहावरून गेलेला शो, ते तर व्हिडिओ टेपवर, अख्खं चित्र फक्त ५२५ आडव्या रेषांचं, संपलं. टेपमध्ये जे टिपलंच गेलं नाही ते कोणी कुठून आणणार? तिथे '४के' लिहिलेलं दिसलं की समजायचं मधले पिक्सेल कॉम्प्युटरने अंदाजाने भरलेत. म्हणून मला वेगासबद्दल काळजी कमी आहे, तिथे खोटं भरायची गरजच नाही.

तबकडी७०
@मूळप्रत नेमकं लिहिलंत. हवाईचा शो आधी, वेगास नंतर असं बघितलं की हा फरक कळतो. हवाईत पांढऱ्या सूटवर प्रकाश पडला की कडा पसरतात, वेगासमध्ये सूटच्या झालरीचा एकेक धागा वेगळा हलताना दिसतो.

एकच_विचारते
सगळे फ्रेम आणि ग्रेनवर बोलतायत, मला वेगळंच विचारायचंय. जे त्याने स्वतः दाखवायला दिलं नाही ते आपण आनंदाने बघायचं का? १९७० आणि ७२ चे सिनेमे त्याच्या हयातीत, त्याच्या संमतीने आले. डब्यात राहिलेलं म्हणजे नाकारलेलं. त्यात त्याचे चुकलेले शब्द असतील, तो चिडला असेल, दमला असेल. गायकाला आपलं कुठलं गाणं लोकांसमोर जावं हे ठरवायचा हक्क असतो की नाही?

गायिका अरीथा फ्रँकलिनचं उदाहरण घ्या. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री ती गायली, दिग्दर्शक सिडनी पोलॅकने शूट केलं, पण क्लॅप (चित्र-आवाज जुळवायला शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) देऊन शॉट सुरूच केले नाहीत त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात, आणि सिनेमा पडून राहिला. रेकॉर्ड मात्र त्याच वर्षी आली आणि तुफान चालली. पुढे डिजिटल तंत्राने ते जुळवलं, तर तिने कोर्टात जाऊन अडवलं, २०११ ला एकदा, २०१५ ला परत. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली आणि नोव्हेंबरमध्ये सिनेमा पडद्यावर. तीन महिने! घरच्यांनी परवानगी दिली हे मान्य, पण ती 'नको' म्हणत होती तोवर थांबलो आणि ती गेल्यावर लावला, याला काय म्हणायचं?

मूळप्रत
पण तिने हेही सांगितलं होतं की सिनेमा तिला आवडलाय. तिचा झगडा हक्क आणि मोबदल्याचा होता, गाण्यातल्या कुठल्या चुकीला ती लाजत नव्हती.

एकच_विचारते
मग तर अजूनच वाईट. हक्क तिचा होता आणि तो मिटवायच्या आत ती गेली. आवडणं वेगळं आणि परवानगी वेगळी.

तबकडी७०
@एकच_विचारते तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, त्यावर बराच वेळ विचार केला म्हणून उत्तर उशिरा देतोय. 'डब्यात राहिलेलं म्हणजे नाकारलेलं' हे मला पटत नाही. नाकारलं कोणी? १९७० च्या सिनेमाचं एडिटिंग स्टुडिओने केलं. त्यांनी प्रेक्षकांच्या मुलाखती, हॉटेलातली लगबग असं बरंच घातलं आणि गाणी कापली. २००१ मध्ये तोच सिनेमा नव्याने कापला तेव्हा त्या मुलाखती काढून गाणी वाढवली, आणि मला तरी तो एल्विसच्या जास्त जवळचा वाटतो. म्हणजे डब्यात जे राहिलं त्यात त्याची नावड किती आणि कुणाच्या तरी कात्रीची घाई किती? तो समोर दोन हजार लोकांपुढे गात होता, कॅमेरे लावलेत हे त्याला दिसत होतं. लपूनछपून टिपलेलं नाही हे.

अरीथाच्या बाबतीत मात्र तुम्ही म्हणता ते मला टोचतं. तो सिनेमा मी बघितलाय, तिच्या कपाळावरचा घाम तिचे वडील पुढे होऊन रुमालाने पुसतात तिथे मी रडलो होतो. आणि तरी आता ते तीन महिने डोक्यातून जाणार नाहीत.

पहिल्यांदाच_ऐकतेय
त्या प्रसंगाला मीही रडले होते.

रात्रपाळी
उशिरा येतोय. संमतीचं निघालंच आहे तर सगळ्यात अवघड प्रश्न कोणी काढत नाहीये तो मी काढतो. १९७७ चं काय? जूनमध्ये ओमाहा आणि रॅपिड सिटीचे एल्विसचे दोन शो सीबीएस या वाहिनीने टीव्हीसाठी शूट केले. १६ ऑगस्टला तो गेला. ऑक्टोबरमध्ये ते लावले गेले आणि त्यानंतर आजवर अधिकृतपणे ना कॅसेट, ना डिस्क. कारण सगळ्यांना माहीत आहे, तो आजारी होता, सुजलेला, शब्द विसरत होता. माझं मत स्पष्ट आहे, तेही नीट रिस्टोअर करून काढा. रॅपिड सिटीला तो पियानोवर बसून एक गाणं म्हणतो, कोणीतरी माईक तोंडापाशी धरलाय, चेहरा घामाने निथळतोय आणि आवाज अजून तिथे आहे, पूर्ण. सुंदर दिसणारा ३५ वर्षांचा एल्विसच तेवढा जपायचा आणि हा झाकून ठेवायचा, हे त्याच्यावर प्रेम नव्हे. आपल्याला फक्त देखणं ते हवंय.

एकच_विचारते
नाही, नाही आणि नाही. आजारी माणसाला उजेडात आणून धारदार चित्रात दाखवायचं कशाला? आपल्या घरातल्या कुणाचे शेवटच्या महिन्यांतले फोटो आपण मोठे करून भिंतीवर लावतो का? जो पियानोचा प्रसंग तुम्ही म्हणता तो २०२२ च्या सिनेमाच्या शेवटी आलाय, तेवढा पुरे. बाकी राहू द्या झाकलेलं.

रात्रपाळी
भिंतीवर लावत नाही पण फेकूनही देत नाही ना ताई. माझ्या वडिलांचा शेवटच्या दिवाळीतला व्हिडिओ आहे, खूप खंगलेत त्यात, बोलताना धाप लागतेय, पण हसले की तेच हसू. मी तो वर्षातून एकदा लावतोच. मला तरुणपणीच्या फोटोंपेक्षा तो जवळचा आहे.

एकच_विचारते
तुम्ही घरात एकटे लावता. थेटरात तिकीट काढून अनोळखी लोकांसमोर नाही लावत. मला तेवढंच म्हणायचंय.

निळी_रीळ
दोघांचंही ऐकून मी मधेच अडकलोय. फक्त एवढं की ७७ चं टेपवर आहे, आणि तिथे चेहरा 'सुधारायला' घेतला तर मशीन त्याची सूजसुद्धा गुळगुळीत करून टाकेल, म्हणजे ना तो आजारी माणूस राहील ना निरोगी. काढायचंच तर हात न लावता काढा. नाहीतर खरंच राहू द्या.

तबकडी७०
७७ बद्दल माझं मत @एकच_विचारते यांच्या बाजूला झुकतंय, @रात्रपाळी माफ करा. तुमच्या वडिलांचं वाचून घशात आवंढा आला, पण फरक त्यांनी सांगितला तोच आहे. संशोधकांना, अभ्यासकांना जरूर उघडं असावं, पोस्टर लावून विकायला नको.

१९७० चं मात्र मी बघणारच, पहिल्याच दिवशी. त्याच्या कधी न ऐकलेल्या मुलाखतीचा आवाज मिळालाय आणि सिनेमात तोच स्वतःबद्दल बोलतो म्हणे, त्याचीही ओढ आहे. पण माझी नजर रिहर्सलवर असणार. स्टेजवरचा झगमगाट नाही, अंगात साधा शर्ट, सगळे गोल करून बसलेत, तो मधेच शब्द बदलून गातो आणि बँडवाले हसून हसून वाजवायचे थांबतात. त्या हसण्यानंतर तो परत गाणं कसा उचलतो, कुठल्या सुरावर, टटकडे बघून की डोळे मिटून, ते २००१ च्या आवृत्तीत कट झाल्यामुळे आजवर कळलेलं नाही मला. ज्यांनी टोरांटोला बघितलाय त्यांच्यापैकी कोणी इथे असेल तर एवढंच सांगा, तो शॉट सलग आहे का?

मूळप्रत
टोरांटोवाला मी नाही, पण पहिल्या शोचं तिकीट काढतोय. बघून आल्यावर त्याच शॉटबद्दल इथे लिहितो.

पहिल्यांदाच_ऐकतेय
मी भाचीला घेऊन जातेय. ग्रेन दिसला तर तिला दाखवेन @निळी_रीळ, कबूल.