प्रागसाठी पाच रात्री: एकच शहर पाहावे की व्हिएन्नाही जोडावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघेच युरोपातील एखादे जुने शहर पाहण्याचा विचार करीत असून प्रागचे नाव जवळजवळ पक्के झाले आहे. जाण्यायेण्याचा प्रवास वगळता हाती पाच रात्री उरतात. सहल कंपनीच्या पत्रकात मात्र तेवढ्यात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी तीन शहरे बसवली आहेत. पत्नी शाळेत इतिहास शिकवते, तिचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मिरज)
तीन शहरांचा बेत सोडून द्यावा. त्यात बॅगा भरण्या-उघडण्यातच सुटी संपते. एकट्या प्रागमध्ये वहिनींना पुरून उरेल इतका इतिहास आहे. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पायाभरणी केलेला नदीवरचा दगडी पूल सकाळी लवकर, गर्दी लोटण्याआधी पाहावा. त्यावरील तीस मूर्तिशिल्पांपैकी बहुतेक आता प्रतिकृती आहेत, पण त्यामुळे पुलाची शोभा उणावत नाही. किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण झाले ते १९२९ साली, म्हणजे आपल्या सांगलीचा आयर्विन पूल झाला त्याच वर्षी! जुन्या चौकातील १४१० सालच्या खगोलीय घड्याळात दर तासाला प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. तो खेळ क्षणात संपतो, त्यासाठी चेंगरून उभे राहण्यात अर्थ नाही.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण जुन्या भागातील रस्ते उंचसखल दगडांचे आहेत. किल्ल्यावर २२ क्रमांकाच्या ट्रामने जावे आणि उतार पायी उतरण्याऐवजी शक्यतो ट्रामनेच परतावे. एक दिवस कुटना होरासाठी ठेवावा. चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेले हे गाव रेल्वेने साधारण तासाभरावर आहे आणि तेथील सेंट बार्बराचे चर्च पाहण्यासारखे आहे.

उत्तर (सातारा)
बुडापेस्ट वगळण्याबाबत सहमत आहे, व्हिएन्नाबाबत नाही. प्रागहून रेल्वेने सुमारे चार तासांत तेथे पोहोचता येते, त्यामुळे प्रागला उतरून व्हिएन्नाहून परतीचे विमान घेतल्यास उलटा प्रवास वाचतो. तीन रात्री प्राग, दोन रात्री व्हिएन्ना असे ठरवल्यास शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज, मुक्काम अधिक असल्यामुळे, चेक प्रजासत्ताकाकडे करावा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा बंधनकारक आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पत्नीने कुटना होराच्या बाजूने कौल दिला आहे, त्यामुळे व्हिएन्ना रद्द. जेवणाचे आणि पैशांचे काय करावे?

उत्तर (मिरज)
तेथे युरो नव्हे, कोरुना चालतो. काही दुकानदार युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा लावतात. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांचा पर्याय दाखवला तरी कोरुनाच निवडावा. तळलेल्या चीजचा ‘स्माझेनी सिर’ सहसा मिळतो. बटाट्याच्या सुपात मात्र मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे. नदीकाठी ‘जुना चेक पदार्थ’ म्हणून विकले जाणारे गोड त्रदेलनिक प्रामुख्याने पर्यटकांसाठीच आहे. आणि ट्रामचे कागदी तिकीट घेतल्यावर पिवळ्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, अन्यथा तिकीट असूनही दंड भरावा लागतो.